ताडपत्रीला लागलेली पाठ

कुस्तीचं परीक्षण झोपेत लिहिता येतं का, असं कुणी विचारलं तर मी छातीवर हात ठेवून हो म्हणेन. मी लिहिलेलं आहे, ते छापूनही आलेलं आहे, आणि ज्या पैलवानाबद्दल ते होतं त्यानं स्वतः येऊन माझे आभार मानलेले आहेत.

त्याचं असं आहे, की आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. बाकीची दुनिया रविवारी लोळत पडायची तेव्हा आम्ही मशीनपुढे उभे, आणि गुरुवारी दुनिया कामाला लागली की आमच्याकडे सामसूम. मी एका कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. दुसऱ्यांनी केलेले पार्ट गेजमध्ये घालून बघायचे, बसले तर पास, नाही बसले तर बाजूला. हे काम फार करून रात्रपाळीत यायचं. गुरुवारी सकाळी बाहेर पडलं की डोळ्यांत वाळू आणि कानात मशीनचा आवाज घेऊन मी घरी यायचो, दोन घास खायचो आणि दुपारी मैदानावर फ्रीस्टाइल कुस्त्या बघायला जायचो. त्याबद्दल चिंचवडच्या एका छोट्या साप्ताहिकात लिहायचो. साप्ताहिक रविवारी निघायचं. संपादक आणि छापखान्याचे मालक एकच गृहस्थ होते. त्यांना कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे माझ्या मजकुराला त्यांनी कधी कात्री लावली नाही.

फ्रीस्टाइल म्हणजे काय, हे आजच्या वाचकांना सांगायला हवं. जत्रेतली कुस्ती मातीत होते, पाठ लागेपर्यंत होते आणि ती निकाली असते, म्हणजे कोण जिंकणार ते खुद्द लढणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. फ्रीस्टाइलची कुस्ती फळ्यांच्या रिंगणात, काथ्याच्या गाद्यांवर ताणलेल्या ताडपत्रीवर होते. तिकीट लावलेलं असतं, कोणी झगा घालून येतो, कोणी तोंड झाकून येतो, आणि कोण जिंकणार ते सकाळीच ठरलेलं असतं. ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडे नुरा म्हणतात. जत्रेत नुरा केली असं दिसलं तर लोक चपला फेकतात. इथं तेच लोक तिकीट काढून येत आणि खूश होऊन जात.

मग जिचा निकाल आधीच ठरलाय तिचं परीक्षण काय करायचं? मलाही सुरुवातीला हाच प्रश्न पडला होता. चार-दोन गुरुवार बसल्यावर उलगडा झाला. नाटकात नायक शेवटी जगणार हे ठाऊक असूनही आपण बघतोच की. इथंही कोण कसा पडतो, पाडणारा त्याला कसा जपतो, खलनायकानं लोकांना किती तापवलं आणि कुठं थांबवलं, हे बघायचं. उंचावरून आपटणाऱ्याचा एक हात नेहमी दुसऱ्याच्या कमरेखाली असतो. लोकांना आपटणं दिसायचं, मला तो हात दिसू लागला. एकदा तो हात दिसला की या कुस्त्यांवर माया जडते. मग मी दुसरं काही बघतच नसे.

कनातींच्या पिवळ्या कापडातून ऊन गाळून यायचं. सगळं मैदान हळदीच्या पाण्यात बुडाल्यासारखं दिसायचं. हलगी घुमायची, धुळीचे कण तरंगायचे, आणि रात्रपाळीची माणसं मांडी घालून बसल्या बसल्या डुलक्या काढायची. कुणी पडला की गलका व्हायचा, डोळे उघडायचे, पुन्हा मिटायचे. अर्धी कुस्ती बघितलेली आणि अर्धी स्वप्नातली, अशीच ती आम्ही सगळे घरी न्यायचो.

असाच एकदा माझा डोळा लागला आणि पहाडी शेर मला स्वप्नात दिसला. पहाडी शेर हा तिथला हुकमी एक्का. जाहिरातीत तो बर्फाच्या डोंगरातून आलेला असायचा, प्रत्यक्षात देहूरोडच्या बाजारात त्याचं गॅरेज होतं. स्वप्नात त्यानं समोरच्या पैलवानाला दोन्ही हातांवर आडवं घेतलं, झोपलेलं मूल न्यावं तसं रिंगणाभोवती फिरवलं आणि हळूच खाली निजवलं. जागा झालो तेव्हा लोक पांगत होते. रविवारच्या अंकासाठी मी तो डाव जसाच्या तसा लिहून मोकळा झालो. तक्रार कुणी केली नाही. उलट अंक निघाल्यावर दोन दिवसांनी शेर सायकल मारत माझ्या घरी आला, तुम्ही फार छान लिहिलंत म्हणाला, आणि जरा घुटमळून त्यानं विचारलं, "लेकिन भाई, हे मी केलं कसं?" मी उशी हातावर घेऊन त्याला करून दाखवलं. पुढं तोच त्याचा नावाजलेला डाव झाला. माझ्या परीक्षणानं कुणाचं भलं झाल्याचा हा एवढा एकच पुरावा माझ्यापाशी आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. गोष्ट एकाहत्तर-बाहत्तरच्या आसपासची असेल.

माझं घर गावठाणात, नदीकडच्या तालमीच्या पाठीमागं होतं. तालमीचे वस्ताद म्हणजे खंडूवस्ताद. लहानपणी मीही त्यांच्या हाताखाली लंगोट लावला होता, पण माझी हाडं बघून त्यांनी मला लवकरच लेखणीकडं वळवलं. मी सांगतोय त्या वेळी वस्ताद सत्तरीकडं झुकले होते आणि मोतीबिंदूनं त्यांना माणसं धुक्यातल्यासारखी दिसत. दर रविवारी पहाटे कामावरून परतताना मी तालमीत डोकावायचो आणि माझं परीक्षण त्यांना वाचून दाखवायचो. ताडपत्रीवरच्या कुस्तीला ते कुस्ती म्हणत नसत, तमाशाही म्हणत नसत, नुसतं "त्ये" म्हणत. पण ऐकल्याशिवाय सोडत नसत.

त्यांच्या तालमीचा एक कडक नेम होता. तिथली माती, तेल-ताक-हळद घालून मळलेली ती तांबडी माती, एकदा का अंगाला लागली की त्या दिवशीची कुस्ती निकालीच झाली पाहिजे. माती लावून नुरा करणारा त्या दारात पुन्हा यायचा नाही. जुनी माणसं देवाची शपथ मोडतील, पण हा नेम मोडणार नाहीत.

वस्तादांचा सर्वांत आवडता पट्ठा किसन. काळेवाडीकडचा, डावरा, तीस-बत्तिशीचा गडी. त्याच्या डावखुरेपणामुळं वस्तादांनी त्याला सगळे डाव उलटे करून शिकवले होते. त्यातला कलाजंग बघावा तर त्याचाच. समोरच्याच्या हाताखालून शिरायचं, त्याला खांद्यावर घ्यायचं आणि पलीकडं टाकायचं, असा तो डाव. सगळी दुनिया तो उजवीकडून मारते, किसन डावीकडून मारायचा. आणि टाकताना वस्तादांनी लावलेल्या सवयीनं समोरच्याच्या मानेखाली आपला तळहात सरकवायचा. मान मोडून जिंकलेली कुस्ती वस्तादांना चालत नसे.

एका जत्रेत किसनचा उजवा खांदा निखळला. बसवला, पुन्हा निखळला. आता परत निखळला तर हात वर जायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मातीतली कुस्ती संपली. त्यानंतर किसन तालमीकडं फिरकेना. कंपनीत जायचा, घरी यायचा, तालीम चुकवून लांबच्या रस्त्यानं जायचा. एवढ्या मोठ्या वस्तादाला निकामी झाल्यावर तोंड कसं दाखवायचं, ही त्याची लाज होती. वस्ताद मात्र रोज हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याच्या, काठावर बसून वाटेवरच्या पावलांचा कानोसा घ्यायचे. असं दीड-दोन वर्षं चाललं होतं.

त्या सुमाराला मेहबूबभाईंनी तीन गुरुवारांच्या कुस्त्या लावल्या. मेहबूबभाई म्हणजे टायरचे व्यापारी आणि हौसेनं कुस्त्या भरवणारे. रिंगणाचे दोर, फळ्या, पैलवानांचे झगे, सगळं त्यांचंच. पहिल्या गुरुवारी शेर सगळ्यांना लोळवून गेला. दुसऱ्या गुरुवारी त्याच्याशी पुढं झुंजणारा खलनायक आणला गेला. नाव काळा नकाब, देश गुप्त. डोक्यावर काळी पिशवी, डोळ्यांपुरती भोकं. परदेशातून आलाय, मराठी-हिंदी काही कळत नाही, तेव्हा वाटेल त्या शिव्या द्या, असं कर्ण्यावरून सांगण्यात आलं. लोकांनी मनापासून दिल्या.

मी पेंगतच होतो. काळा नकाब दोरांपाशी आला आणि वर चढायच्या आधी वाकला. हौद्यात उतरताना मातीला हात लावतात तसा त्यानं ताडपत्रीला हात लावला आणि छातीला नेला. माझी झोप उडाली. गुप्त देशातल्या माणसाला हे कुणी शिकवलं? मग त्यानं समोरच्या पोराला कलाजंगावर उचललं, डावीकडून, आणि टाकताना त्याच्या मानेखाली तळहात गेला.

ओळखलं, पण कुणापाशी बोललो नाही. बिचाऱ्यानं तोंड झाकलं होतं ते झाकण्यासाठीच. ताडपत्रीवर खांद्याला धोका कमी, कारण समोरचा जपतो. आणि माणसांचा तो गलका एकदा कानात भरला की त्याच्यावाचून राहणं कठीण. मला ते कळत होतं. परीक्षणात मी नाव लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. मी फक्त डाव लिहिला. माझा धर्मच तो, जे दिसलं ते मापात लिहायचं. तळहाताबद्दल तर जरा रंगूनच लिहिलं.

शनिवारी छापखान्यात जाहिरात द्यायला आलेले मेहबूबभाई माझा मजकूर वाचून आधी भेटले. "काय हो मास्तर," ते कळवळून म्हणाले, "मी एवढा सात समुंदर पार करून माणूस आणला, आणि तुम्ही लिहिता त्यानं ताडपत्रीला नमस्कार केला? माझा परदेशी तुम्ही गावात आणून ठेवला ना." लिहिणाऱ्यांना ते मास्तरच म्हणत. मी म्हणालो, त्याला सांगा नमस्कार करू नको. ते म्हणाले, सांगितलं, पण त्याचा हात आपोआप जातो.

खरी परीक्षा रविवारी पहाटे तालमीत झाली. वस्ताद खांबाला टेकून ऐकत होते. कलाजंगाच्या ओळीवर आलो तसा त्यांनी हात वर केला.

"परत वाच."

मी परत वाचलं. डावीकडून, मानेखाली तळहात. वस्तादांचे ते धूसर डोळे माझ्याकडं वळले, आणि मी काय करून बसलोय ते मला तेव्हा समजलं. हौद्यात दोन पोरं लढत होती, त्यांच्या अंगांचा चपचप आवाज येत होता. वस्तादांनी वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "गुरुवारी मला घिऊन चल."

तिसऱ्या गुरुवारी शेर आणि काळा नकाब यांची शेवटची कुस्ती. नकाबानं हरायचं, हे ठरलेलं. मी वस्तादांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं आणि रिंगणाच्या अगदी कडेला जागा धरली. त्यांनी स्वच्छ धोतर, पागोटं असा जत्रेचा पोशाख केला होता. उपरण्याच्या टोकाला एक गाठ होती. बसल्यावर त्यांनी ती सोडली. आत तालमीतली तांबडी माती, मूठभर.

"त्यो कुठनं चढतुया?"

मी कोपरा सांगितला.

"तितं ठिवून ये."

मी हललो नाही. कुस्ती बघणाऱ्यानं कुस्तीत हात घालू नये, एवढं मला कळत होतं. पण माझी भीती वेगळी होती. ही माती किसननं अंगाला लावली तर त्याला निकाली लढावं लागणार. अडीच मणाच्या शेरापुढं तो खांदा टिकणार नाही, जन्माचा हात जाईल. आणि नाही लावली, तर वस्तादांची माती त्यानं नाकारली असा अर्थ होणार आणि तालमीचं दार कायमचं बंद. एका मुठीत दोन्ही बाजूंनी त्याची कोंडी होती. मी वस्तादांना हळू आवाजात म्हणालो, की त्याचा खांदा तुम्हाला माहीत आहे.

"म्हाईत हाय," वस्ताद म्हणाले. "मला बघायचंय, त्याला म्हाईत हाय का. ठिवून ये."

मी ती माती दोराखालच्या फळीवर ठेवून आलो. परत येऊन बसलो तेव्हा माझे तळहात तांबडे झाले होते.

पुढचं सगळं मी वस्तादांच्या कानाला लागून सांगितलं. कागदावर इतकी परीक्षणं लिहिली, पण माझं सर्वांत चांगलं परीक्षण ते, आणि त्याला श्रोता एकच होता. ऊन कलंडलं होतं, कनातींतून आलेला तो पिवळा उजेड दाट होत चालला होता. लोक ओरडत होते, पण मला ते नदीपलीकडून आल्यासारखं ऐकू येत होतं. मी सांगत होतो : आला. दोरापाशी आला. वाकला.

"आन?"

"थांबलाय. माती दिसलीय त्याला."

काळ्या पिशवीची भोकं गर्दीवरून फिरली आणि पागोट्यापाशी येऊन थांबली. आख्खं मैदान शिव्या देत होतं आणि तो गुप्त देशाचा पैलवान वाकलेल्या पाठीनं तसाच उभा. कर्ण्यावरून मेहबूबभाई काहीतरी ओरडत होते. मग त्यानं बोटं बुडवून चिमूट उचलली.

"घेतली," मी म्हणालो.

"अंगाला लावली?"

त्यानं वाकल्या वाकल्याच पिशवी कपाळाच्या वर सरकवली आणि ती चिमूट अंगाऱ्यासारखी कपाळाला लावली. मग पिशवी खाली ओढली. उरलेली माती जपून गोळा केली, कमरेच्या पट्ट्यातला रुमाल काढून त्यात बांधली आणि ती पुरचुंडी पुन्हा त्याच फळीवर ठेवली. हात लंगोटाला पुसले, चांगले घासून पुसले, मग दोर ओलांडला.

मी हे सगळं सांगितलं. "कपाळाला लावली, वस्ताद. अंगाला न्हाई." माझ्याही तोंडून गावचीच बोली आली.

वस्तादांनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला. कुस्ती चालू झाली होती, मी सांगत राहिलो. किसननं लोकांना छान तापवलं, शेराचे केस ओढले, पंचाला ढकललं. एकदा डावीकडून कलाजंगावर घेतलं, आणि तळहाताचं मी सांगण्याआधीच वस्ताद म्हणाले, "ठिवला असंल." शेवटी शेरानं त्याला दोन्ही हातांवर आडवं घेतलं. माझा स्वप्नातला डाव. रिंगणाभोवती त्याला फिरवताना शेराचा पंजा किसनच्या उजव्या खांद्याखाली पसरलेला होता, खांदा त्यानं जराही लोंबू दिला नाही. ती फेरी मला अजून दिसते. पिवळ्या उजेडात एक दांडगा गॅरेजवाला एका थकलेल्या पैलवानाला मुलासारखं हातावर घेऊन चाललाय, आणि हजारभर माणसं आनंदानं वेडी झालीत. मग त्यानं किसनला हळूच खाली निजवलं. पंचानं शिट्टी फुंकली. मला रडू येत होतं आणि त्याची लाज वाटत नव्हती.

कुस्त्या संपल्यावर मी वस्तादांना सायकलवरून परत तालमीत सोडलं.

रविवारी पहाटे मी परीक्षण घेऊन तालमीत गेलो तेव्हा किसन हौद्याच्या काठाशी उभा होता. हातात ती पुरचुंडी. आत यायचं की नाही, कुणी सांगेल म्हणून वाट बघत असल्यासारखा. मला बघून त्यानं मान खाली घातली. वस्तादांनी त्याची पावलं ऐकली होती की नव्हती कुणास ठाऊक. मला म्हणाले, वाच.

मी वाचलं. शेवटची ओळ होती : "आणि काळा नकाब चितपट झाला."

"लबाड लिवलंस," वस्ताद म्हणाले.

मी दचकलो. आजवर माझ्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी म्हणालो, दोन्ही खांदे टेकले होते, मी डोळ्यांनी पाहिलंय.

"पाठ कशाला लागली?"

"ताडपत्रीला."

"मातीला लागली का?"

"नाही."

"मंग चितपट कसा झाला रं? माझ्या पोराची पाठ मातीला अजून लागल्याली न्हाई." आणि मान न वळवता म्हणाले, "किसन्या, ती माती टाक हौद्यात. आन पोरांस्नी डाव्या अंगाचा कलाजंग दाव. तोंडानं सांग, खांदा लावू नगं."

किसननं रुमाल सोडला. माती मातीत पडली, तिचा आवाज झाला नाही. मग तो चपला काढून खाली उतरला आणि पोरांना बोलावू लागला. त्यानंतर तो रोज यायचा. गुरुवार आला की काळी पिशवी घेऊन मेहबूबभाईंकडं जायचा, आणि वस्ताद त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. तालमीच्या नेमाला धक्का लागला नव्हता.

मी घरी जायच्या आधी छापखान्यात गेलो आणि संपादकांना सांगितलं, एक दुरुस्ती छापायची आहे. ते म्हणाले, कुस्त्यांच्या मजकुराला कुठं दुरुस्ती असते का? मी म्हणालो, हिला आहे. पुढच्या रविवारी आतल्या पानात, कारखान्याच्या पाहिजेतच्या जाहिरातींखाली, ती आली. मेहबूबभाई डोकं धरून बसले, शेर हसला, आणि बाकी कुणाला काही कळलं नाही. माझ्या एवढ्या वर्षांच्या लिखाणातली ती एकच दुरुस्ती, आणि पाठ असलेलं एकच वाक्यही तेच :

"गेल्या अंकात काळा नकाब चितपट झाल्याचे छापले गेले. तसे झालेले नाही."